बाथरूमचं दार आणि ब्याण्णव पानांचा आराखडा

माझी आत्या दारं बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारीचा फोन उचलायची. एकोणीस वर्षं तिनं लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि जशाच्या तशा वहीत उतरवल्या. माणूस नक्की कशानं चिडलाय ते शिवीतच कळतं, असं तिचं म्हणणं.

एके वर्षी मालकांनी जाहीर केलं, की यापुढे बरोबर मापाचं दार पंधरा दिवसांत बसलंच पाहिजे. त्यासाठी संगणक विभागाच्या साहेबांनी तीन वर्षांचा आराखडा करायचा. साहेब हौशी. त्यांनी ब्याण्णव पानं काढली. नवे सर्व्हर, चेहरा ओळखून हजेरी, मालकांच्या केबिनमध्ये भिंतभर स्क्रीन आणि तिच्यावर रंगीबेरंगी आलेख. बैठकीला प्रत्येक विभागातून एक माणूस हवा होता. तक्रार विभागात आत्या एकटीच, म्हणून ती गेली.

चाळिसाव्या पानावर तिनं विचारलं, "साहेब, यातल्या कशानं दार लवकर बसेल?"

"ताई, हा पाया आहे. दार वगैरे नंतर."

"पाया घालणारे वेगळे असतात. आपण दारं करतो."

मालक खोकल्याचं निमित्त करून हसले आणि साहेबांना म्हणाले, "एक दिवस यांच्याबरोबर तक्रारवाल्यांच्या घरी फिरून या."

साहेब तोंड वाकडं करून निघाले. पहिलंच घर एका निवृत्त मास्तरांचं. दोन महिने त्यांच्या बाथरूमला दाराऐवजी जुनी चादर टांगलेली, कारण कंपनीनं दोनदा दार पाठवलं आणि दोन्ही वेळा ते अरुंद निघालं. मास्तरांनी साहेबांना चहा पाजला, पाणी पाजलं, परत चहा पाजला. व्हायचं तेच झालं. साहेब चादरीआड गेले. पंख्यानं चादर उडत होती, आणि बाहेर आत्या, मास्तर व त्यांची बायको भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होते.

बाहेर आल्यावर साहेबांनी प्रथमच कामाचं विचारलं. "माप चुकतं कुठे?"

"माप घेणारा कागदावर लिहितो, त्याचा फोटो पाठवतो. ऑफिसातली बाई फोटो बघून टाइप करते. सत्त्याहत्तरचे एकाहत्तर तिथेच होतात."

साहेबांनी आराखडा फाडून नऊ पानांचा केला. माप जागेवरच फोनमध्ये भरायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि तेच थेट कापणीच्या मशीनला जायचं. बाकी सगळं पुढच्या वर्षावर ढकललं. भिंतभर स्क्रीन तेवढी राहिली, कारण मालकांचा जीव तिच्यात अडकला होता.

सहा महिन्यांत चुकलेली दारं महिन्याला तीसवरून चारवर आली. फोन थंडावला तशी आत्या घरी कुरकुरायला लागली, "दिवसभर नुसतं बसून कंबर धरते." मग मालकांनी तिला कायमचं आराखड्याच्या बैठकीत बसवलं. पहिल्याच दिवशी तिनं दोन विभागप्रमुखांच्या लाडक्या योजना उडवल्या. दोघांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता गप्पांत वेळ जात नाही, जेवायची सुट्टी पुरते."