बाटलीतला चार बोटं मसाला

दिनांक ३ एप्रिल १९८५. काशीराम परबांनी गोरेगावच्या छापखान्यात पाचशे लेबलांचे बासष्ट रुपये पन्नास पैसे मोजून दिले आणि पावती घडी घालून खिशात ठेवली. लेबलावर लाल अक्षरांत छापलं होतं: ‘शुभा मसाला. हजार वर्षांची परंपरा.’

शुभा त्यांची बायको. तिला जाऊन सहा महिने होत आले होते. काशीराम पूर्वी गिरणीत स्टोअरकीपर होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा एका औषधांच्या गोदामात लागले. पगार निम्मा झाला. शुभाच्या मसाल्याची तारीफ सगळी चाळ करायची, तोच करून विकावा असं त्यांनी ठरवलं. चार पैसे सुटतील हा एक भाग. खरी गोष्ट अशी, की फळीवरच्या काळ्या बाटलीत तिच्या हातचा चार बोटं मसाला उरला होता, आणि तो संपल्यावर काय, हा विचार त्यांना जेवू देत नव्हता.

तिच्या वहीत मापं होती. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे, हळकुंडं, दगडफूल, सगळं तोळ्यामाशासकट. काशीरामांनी मिरच्या गच्चीवर चार दिवस वाळवल्या, मंद आचेवर भाजल्या, डंक्यावर कुटून आणल्या. रंग तोच. वासही जवळजवळ तोच. पण कालवण केलं तर दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटलं. पुन्हा अर्धा किलो केला. पुन्हा तेच.

त्यात विद्याधर मास्तरांनी लेबल पाहिलं. हे वरच्या मजल्यावरचे, शाळेत इतिहास शिकवायचे.

‘‘परब, ह्यात मिरची घालता ना?’’

‘‘मसाल्यात मिरची नाही तर काय गूळ घालणार?’’

‘‘मग हजार वर्षं कशी होतील? मिरची पोर्तुगिजांच्या जहाजातून आली. चारशे वर्षं धरा, फार तर साडेचारशे. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी.’’

काशीरामांचा चेहरा उतरला. शुभाचा पूर्वज विजयदुर्गावर मुदपाकखान्यात होता आणि हा मसाला तिथून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, हे चाळीत लहान पोरालाही ठाऊक होतं.

‘‘म्हणजे माझी बायको खोटं बोलली?’’

‘‘वहिनी कशाला खोटं बोलतील? त्या एवढंच म्हणायच्या, माहेरचा आहे. किल्ला आणि हजार वर्षं तुम्ही लावलीत.’’

हे काशीरामांना झोंबलं, कारण ते खरं होतं. पाहुणा आला की ते गोष्ट सांगत आणि दर खेपेला तिला एखादा बुरूज चढवत. शुभा तेव्हा वाढता वाढता खाली बघून हसायची. ते हसू त्यांना कौतुकाचं वाटायचं.

त्यांनी मेहुण्याला मालवणला पत्र टाकलं. आठवड्यात पोस्टकार्ड आलं. आमच्याकडे असा बाटलीतला मसाला कधीच नव्हता, आई रोज पाट्यावर ओल्या खोबऱ्याबरोबर मिरची वाटायची, तो मसाला ताईच मुंबईहून आम्हाला आणायची. काशीरामांनी कार्ड तीनदा वाचलं.

मग त्यांना आठवलं. दरवर्षी चैत्रात शुभा दोन पिशव्या घेऊन खारदांड्याच्या कोळीवाड्यात जायची. तिथल्या अंजनाबाईकडे मासळी स्वस्त मिळते म्हणायची. चार-पाच दिवस ओळीने जायची आणि संध्याकाळी उन्हाने रापून परत यायची. इतके दिवस कसली मासळी, हे त्यांनी सव्वीस वर्षांत विचारलं नव्हतं.

खारदांड्याला अंजनाबाईला शोधायला वेळ लागला नाही. साठीची कोळीण, अंगणात चटईवर जवळ्याची बारीक कोळंबी वाळायला पसरत होती. काशीरामांनी नाव सांगताच ती म्हणाली, ‘‘शुभाचा नवरा तू? ती कुठं हाय? चैत सरत आला.’’

काशीरामांनी सांगितलं. गेल्या श्रावणात आजारी पडली, ऑक्टोबरात गेली.

अंजनाबाई जवळ्यावर हात फिरवत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. नवी नवरी असताना शुभाच्या हातच्या कालवणाला सासू बोल लावायची. एकदा बाजारात बांगडे घेता घेता रडली. अंजनाबाईने तिला घरी आणलं आणि दोन चैत्रांत सगळं शिकवलं. कोळणीकडून शिकले म्हटलं तर सासू नावं ठेवील, म्हणून तिने घरी माहेरचा सांगितला.

काशीरामांनी आपली खटपट सांगितली.

‘‘मिरची वाळवली कुठं?’’

‘‘गच्चीवर. धुतलेल्या चादरीवर. चार दिवस कडक ऊन दिलं.’’

‘‘तिथंच चुकला तू. मिरची जवल्याच्या चटईवर वाळवायची. चटई झाडायची, धुवायची नाय. तुजी बायको पयल्या दिवशी बादली घेऊन निघालेली चटई धुवायला. मीच हात धरला तिचा.’’

काशीरामांनी खिशातून लेबल काढून वाचून दाखवलं. अंजनाबाई पदर तोंडाला लावून हसली.

‘‘हजार वर्सं? माजी सासू म्हनायची, देवीनं सपनात येऊन सांगितला. नि बाटलीत दाबून भरायची रीत तर वांद्र्याच्या किरिस्तावांची बघून घेतलेली. तूच लिव काय लिवायचं ते.’’

जाता जाता तिने विचारलं, ‘‘तिरफलं ठेवलीन काय तिनं कुठं? दर साली गनपतीला गावाला जाऊन अर्धा शेर आनायची, माज्या बांगड्याला. गेल्या साली आली नाय. मना वाटला, कशावरून रागावली.’’

शुभा गेल्या गणपतीत गावाला गेलीच नव्हती. काशीरामांनी नाही म्हणून मान हलवली. अंजनाबाईने हाताने जवळा बाजूला सारला आणि अर्धी चटई मोकळी केली.

पुढचे चार दिवस काशीरामांनी रजा टाकली. मिरच्या त्या चटईवर वाळल्या, अंजनाबाईने आणि तिच्या सुनेने उखळात कुटल्या, मसाला काठीने दाबून काळ्या बाटल्यांत भरला. अंजनाबाईने पैसे घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी घरी येऊन काशीरामांनी बांगड्याचं कालवण केलं. पहिला घास घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, ‘‘मीठ जरा कमी आहे.’’ सव्वीस वर्षं रोज म्हणायचे तसंच. 

मसाला त्यांनी विकला नाही. दोन बाटल्या चाळीत वाटल्या, बाकीच्या ठेवल्या. लेबलांच्या कोऱ्या पाठीवर ते वाण्याची यादी लिहितात. शुभाच्या बाटलीतला चार बोटं मसाला तसाच फळीवर आहे.

गणपतीनंतर त्यांनी तिरफळांसाठी मेहुण्याला लिहिलं. शुभा ज्याची तिरफळं आणायची ते परड्यातलं झाड जूनच्या वादळात पडल्याचं उत्तर आलं. मग दादरच्या बाजारातून अर्धा शेर विकत घेऊन ते खारदांड्याला गेले. अंजनाबाईने पुडी उघडली, एक फळ चुरडून हुंगलं आणि पुडी बांधून परत दिली. ‘‘ही ती नाय,’’ म्हणाली.

१९८४ सालचं अर्धा शेर तिरफळांचं देणं अजून बाकी आहे.