आत्याने सहा मीटर घेर उसवला

माझ्या आत्याबद्दल चर्चमध्ये जे काही बोललं जातंय ना, ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय, म्हणून हे लिहितेय. घडलं तेव्हा मी तिथेच होते. परीक्षेचा अभ्यास करायला मी तिच्या दुकानात बसते, कारण घरी टीव्ही चालू असतो आणि तिच्याकडे फक्त मशीन.

आत्या शिवणकाम करते. दुकान म्हणजे एकच खोली. एक मशीन, कापायचं टेबल, आरसा आणि भिंतीवर खुंट्यांची लांब रांग. त्या खुंट्यांवर चर्चच्या क्वायरचे, म्हणजे गाणाऱ्या मंडळींचे, बावीस झगे. एकोणीस वर्षं ते झगे हीच शिवते, हीच सैल करते, हीच आवळते. कोण जाड झालं, कोण वाळलं, सगळं हिला आधी कळतं. पण तोंडातून एक शब्द बाहेर पडायचा नाही.

तिच्या श्रद्धेचं मला नीट सांगता येणार नाही, मी काही तिच्यासारखी नाही. काका, म्हणजे तिचा नवरा, तिला सोडून गेला त्याला चौदा वर्षं झाली. हिच्या बोटात अंगठी अजून आहे. मध्ये एका भल्या माणसाने विचारलं होतं, शाळेत शिकवायचा, हसरा होता, मला तर फार आवडायचा. ही म्हणाली, "मी देवासमोर शब्द दिलाय, तो एकदाच देतात." मी तेव्हा चिडून म्हणाले, "अगं, समोरच्याने मोडला ना शब्द!" तर म्हणते, "त्याने त्याचा मोडला. माझा माझ्याजवळ आहे." बोला आता!

आणि तिची एक सवय आहे. घरच्यांसाठी काहीही शिवलं की शेवटचा टाका म्हणून खालच्या दुमडीच्या आत ती एक क्रूस घालते. तांदळाएवढा, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने, शोधूनही सापडणार नाही असा. फक्त घरच्यांच्या कपड्यांना. गिऱ्हाइकाच्या कपड्याला कधीच नाही.

तर गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली ताई आली. फिक्या निळ्या रंगाचं रेशमी कापड घेऊन. दुसरं लग्न, कोर्टात, शनिवारी. आत्याने विचारलं काय, तर घेर किती ठेवू आणि बाही कोपरापर्यंत हवी का. बस्स.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! गुरुवारी दुपारी आमच्या क्वायरच्या सेक्रेटरीबाई हजर. ह्या बाईंचं म्हणजे सगळ्या जगाचं पावित्र्य यांच्याच पर्समध्ये. आल्या त्या थेट खुर्चीतच.

"घटस्फोट घेतलेल्या बाईच्या लग्नाचा ड्रेस तू शिवतेस? तू?"

आत्या तेव्हा तोच ड्रेस मांडीवर घेऊन ब्लेडने टाके उसवत होती. सकाळपासून. मलाही कळत नव्हतं का, कारण ड्रेस आदल्या दिवशीच पूर्ण झाला होता.

"शिवून झाला," आत्या म्हणाली. "चूक झालीय म्हणून उसवतेय."

"चूक कळली ना? मग परत करून टाक."

"तसली चूक नाही ओ बाई. काल खालची दुमड घालताना मनात तिच्यासाठी प्रार्थना करत होते, आणि हाताने सवयीने क्रूस घातला. वरून अस्तर पण बंद करून बसले. आता कुठे घातला तेच सापडेना, म्हणून सगळा घेर उघडतेय."

सहा मीटर घेर! रेशमी कापड, बारीक टाके. मी पुस्तक मिटलं.

सेक्रेटरीबाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "अगं मग राहू दे की! तेवढाच आशीर्वाद. तिला कुठे कळणार आहे?"

"कळणार नाही म्हणूनच काढतेय," आत्या म्हणाली. "प्रार्थना माझी आहे, ड्रेस तिचा आहे."

"म्हणजे तुला हे लग्न मान्य आहे तर!"

"मला फक्त मापं दिलीत त्यांनी."

नेमकी तेवढ्यात ताई ट्रायलला आली. सेक्रेटरीबाई तिच्याकडे वळून गोड हसून म्हणतात, "तुमच्या या शिवणाऱ्या बाईंना विचारा हं, दुसऱ्या लग्नाबद्दल त्यांचं मत काय आहे ते!"

किती नीच असावं माणसाने! मी उठणारच होते, पण आत्याने डोळ्यांनीच बस म्हणून सांगितलं.

ताईने विचारलं, "काय मत आहे?"

"विचारलंत म्हणून सांगते," आत्या म्हणाली. "माझ्यापुरतं लग्न एकदाच. ते माझं आहे, तुमच्या ड्रेसला त्यातलं काही चिकटायला नको. पण काल चिकटलं." आणि तिने क्रुसाचं सगळं सांगून टाकलं. न सांगता चाललं असतं! क्रुसाबद्दल कोणी विचारलंही नव्हतं!

ताईने उसवलेला घेर हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "माझी पहिली सासू रोज सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करायची. ही सुधारू दे म्हणून. मला कधी कोणी विचारलं नाही. तुम्ही काढताय ते बरं करताय."

"उद्या संध्याकाळपर्यंत तयार होईल," आत्या म्हणाली.

ताई गेली. सेक्रेटरीबाई उठल्या आणि खुंट्यांवरून झगे काढायला लागल्या. एकेक करून, बावीसच्या बावीस. "क्वायरचे कपडे कोणाच्या हातचे असावेत, याचा कमिटीला विचार करायला हवा." आत्याने काय करावं? सगळे मावतील अशी मोठी पिशवी शोधून दिली! मी ओरडले तिच्यावर. "एकोणीस वर्षं, आत्या! आणि तू पिशवी देतेस?" तिने रिकाम्या खुंट्यांकडे एकदाच बघितलं, डोळे पुसले आणि पुन्हा ब्लेड हातात घेतलं.

ड्रेस शुक्रवारी गेला.

रविवारी उपासनेला आम्ही नेहमीच्या तिसऱ्या बाकावर. क्वायर आत आली, नवे हात लागलेले झगे घालून. सेक्रेटरीबाईंच्या झग्याची मागची दुमड सुटून चपलेत येत होती, एक सेफ्टीपिन लटकत होती. मला इतकं गार वाटलं मनातून! आणि शेजारी बघते तर आत्याने पर्समधून सुई-दोरा काढलेला.

"उपासना संपली की विचारते त्यांना. हवं असेल तर."

हवं असेल तर!

आणि विचारलं तिने खरंच, दारापाशी, सगळ्यांसमोर. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "नको."

"बरं," आत्या म्हणाली, आणि सुई परत पर्समध्ये ठेवली. झगा फरफटत पायऱ्या उतरून गेला.