हाडाबाहेरचं रक्त

भोकं असलेली कुठलीही वस्तू हाती आली की सेवंता ती मोडून उजेडाकडे धरायची. पहिल्यांदा आमच्या घरी पुसेगावला आली तेव्हा चहाबरोबर टोस्ट दिला. तिने तो मधोमध मोडला, डोळ्यापाशी नेला, बोटाने आतली जाळी दाबून पाहिली आणि बशीत ठेवून दिला. खाल्ला नाही. दिलेलं अन्न असं चिवडलेलं मला चालत नाही. मी म्हणालो, “किडे हुडकून राहिली का बाई?”

“न्हाई काका. घरं बघून राहिले.”

ती औंढ्याजवळच्या तांड्यावरची. तिचा आजा आमच्या बाजारात बैल आणायचा, त्यामुळे मी तिला नावाने ओळखत होतो. शिकून ती शहरातल्या प्रयोगशाळेत गेली आणि हाडांच्या आत रक्त कसं तयार होतं याचा अभ्यास करू लागली. माझ्या धाकट्या भावाचे, बबनचे, उपचार त्याच शहरातल्या दवाखान्यात चालत; एरवी तो घरीच असे. त्याच्या हाडातल्या मगजाने, म्हणजे मज्जेने, रक्त करणं सोडलं होतं. तपासणीसाठी कमरेच्या हाडातून मगज काढला, तेव्हा त्यातला थोडा बबनच्या परवानगीने सेवंताकडे गेला होता. म्हणून सुट्टीत गावी आली की ती त्याला भेटायला यायची.

मी बैलांचा व्यापारी. चौथीत शाळा सुटली. एका गोऱ्ह्यावर सुरुवात केली आणि कुणापुढे हात न पसरता उभा राहिलो. मला न मिळालेली वस्तू बाजारात आलेली नाही, असं मी म्हणत असे. पण दुसऱ्याचा मगज घालणं हाच बबनचा इलाज होता, आणि मी सख्खा भाऊ असून माझा त्याला जुळला नाही. बाहेरचा दाता सापडत नव्हता. बबनच्या दंडावर जांभळे डाग उमटत, दात घासले की चूळ लाल व्हायची. लग्न झालेलं नव्हतं, त्याला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

सेवंताने मला तिचं काम समजावलं ते वाळलेल्या घोसाळ्यावर. परसातल्या वेलावरून तिने ते तोडलं, साल काढली आणि आतली जाळी माझ्या तळहातावर ठेवली.

“काचेच्या बशीत पेशी ठेवली की चपटी पडती, काका. तिला वाटतं आपण उघड्यावर आलो. हाडात वर, खाली, चहूबाजूंनी शेजारी असतात. म्हणून आमी अशी बारीक जाळी करतो, आधी हाडातल्या दुसऱ्या पेशी शेजारी म्हणून वसवतो, मग रक्त करणाऱ्या पेशी सोडतो. शेजार पायजे.”

खाटेवरून बबन म्हणाला, “म्हंजे माझं रक्त तिकडं बिऱ्हाड करून राहिलंय. शेजारी भांडखोर नसले म्हंजे बरं.”

सेवंता हसली नाही. पुढच्या खेपेला तिने मला गोठ्यात बोलावून सांगितलं. निरोगी माणसाच्या शेजारात बबनच्या पेशी जगल्या होत्या. पण बबनचे शेजारी वसवलेल्या जाळीत दुसऱ्याच्या चांगल्या पेशीसुद्धा मरत होत्या. “घरच बिघडलंय, काका.”

मी एवढंच धरलं की बबनच्या पेशी जगतात. म्हणालो, “मग त्याच परत घाल त्याच्या अंगात.”

“ते औषध न्हाई. बघायचं भांडं हाय.” आणि मग तिचं ते नेहमीचं वाक्य, जे ती कुठल्याही चांगल्या बातमीवर माती टाकल्यासारखं म्हणायची: “जगलं म्हंजे बरं झालं, असं न्हाई.”

मी खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्या हातावर टाकला आणि खालून तिची बोटं धरली. आमच्याकडे बैलाचा भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. पटलं नाही तर समोरचा हात काढून घेतो. राहू दिला तर सौदा पक्का. मी तिची पाचही बोटं दाबली. मागशील ते देईन, पण तो बरा कर.  तिने हात काढला नाही.

मी आत जाऊन बबनला सांगितलं, “सौदा झाला.” त्या दिवशी त्याने अख्खी भाकर खाल्ली.

शिवारात हळद शिजत होती, तेव्हा बबनच्या नाकातून रक्त सुरू झालं. ते थांबलं नाही.

बबनचं तेरावं झाल्यावर सेवंता आली. ओसरीवर बसली. मी पाणीही विचारलं नाही.

“तू तांड्यावरची. तुला रुमाल ठाऊक व्हता. हात काहून न्हाई काढला?”

“तुमचा हात थरथरून राहिला व्हता, काका. कापत्या हाताशी माझा आजा सौदा करत नसे. पण असा हात सोडतबी नसे.”

“हे मला कसं कळावं?”

“तोंडानं सांगितलं व्हतं मी.”

हे तिचं उत्तर. मला ते आजही मान्य नाही. बाजारात तोंडाने लोक काहीही बोलतात, खरं ते हाताचं.

उठताना ती म्हणाली, “बबनदादाच्या पेशी अजून हायेत. उबेच्या पेटीत. ठेवू का बंद करू, तुमी सांगा.”

मी विचारलं, “बऱ्या हायेत?”

“पहिल्या मरून गेल्या. आता ज्या वाढून राहिल्यात त्या येगळ्या हायेत. शेजाऱ्यांना जागा देईनात. तेच त्याच्या हाडात सुरू झालं व्हतं, असं वाटतंय.”

“म्हंजे ज्यानं त्याला मारलं, ते तू पाळून राहिली.”

“व्हय.”

“त्यातून काय निघंल?”

“दुसऱ्या कुणाचं घर बिघडायच्या आधी कळंल. कदाचित.”

“कदाचित?”

“कदाचितच, काका. त्याच्यापुढं मी बोलणार न्हाई.”

मी तिला बरंच बोललो. तिचा आजा काढला, तांडा काढला. ती एका शब्दानेही वर चढली नाही की खाली उतरली नाही. असा माणूस मला बाजारात कधी भेटला नव्हता. शेवटी मी म्हणालो, “राहू दे.” बबनचं तेवढंच उरलं होतं.

पुढे ती आणखी दूरच्या शहरात गेली, पेशीही सोबत नेल्या. गावी येणं थांबलं. तिच्यावरचा राग गेलेला नाही, तरी फोन मीच करतो. घरचे लोक ऐकतात आणि एकमेकांकडे बघतात, कारण मी दुसरं काहीच विचारत नाही.

“बबन कसा हाय?”

पलीकडून तिचं उत्तर ठरलेलं:

“वाढून राहिलाय, काका.”