खुंट्याला बांधलेला पाय

आजही कुणी हसत हसत माझ्याकडं पेरू फेकला, तर आधी माझे डोळे मिटतात आणि मग पेरू खाली पडतो. नातवंडांना त्याची गंमत वाटते. आजोबांना झेल जमत नाही म्हणतात आणि मुद्दाम आणखी एक फेकतात. मी त्यांना रागावतो. हसून घ्यावं एवढी ती भीती अजून जुनी झालेली नाही.

आमची मेंढरं सोनारीच्या माळावर चरायची आणि त्यांच्या मागं राहून मी विटीदांडू खेळायचो. मेंढरं राखणाऱ्याला वेळच वेळ असतो. विटी उडाली की मी उजवा पाय अर्धं पाऊल मागं घ्यायचो, तिला जराशी खाली येऊ द्यायचो आणि मग टोला हाणायचो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. विटी तोंडावर येते म्हणून पाय आपसूक मागं जायचा, आणि मागं गेला की दांडू फिरवायला जागा व्हायची. माझा सगळा जोर त्या मागच्या पायात होता. अर्थात हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की माझी विटी पार ओढ्यापलीकडं जाते.

निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेल्याला कचेरीत जागा मिळते, हे वडिलांनी कुठंतरी ऐकलं आणि मला धाराशिवला मामांकडं आणून टाकलं. मामा कचेरीत चपराशी होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की शाळेत जाऊन हातपाय मोडून घेतलेस तर मी बापाला निरोप धाडीन, आणि मग जन्मभर मेंढरंच राख. मला शाळा आवडायला लागली होती. बसायला सावली होती, आणि उर्दूचे धडे घडाघडा म्हटले की मौलवीसाहेब पाठीवर हात ठेवायचे. तेवढ्यासाठी मी मामांचा शब्द खाली पडू देत नव्हतो.

शाळेच्या मैदानात माझा टोला पाहिला तो ड्रिल मास्तरांनी. हा माणूस मूळचा पैलवान. कान चुरगळलेले, मान खांद्यातच बसलेली. दिवसा शाळेत कवायत घ्यायचे आणि संध्याकाळी तालमीत पोरांना माती खायला लावायचे. हैदराबादेत असताना त्यांनी क्रिकेट पाहिलं होतं आणि ते खूळ डोक्यात घेऊनच परत आले होते. थंडी सरली की दुसऱ्या गावची शाळा आमच्याशी सामना खेळायला येणार होती. त्यांना एक मारणारा पोरगा हवा होता. त्यांनी सुताराकडून करून घेतलेली बाभळीची बॅट माझ्या हातात दिली. नाकापेक्षा मोती जड असं ते प्रकरण होतं, पण मी उचललं. त्यांना नाही म्हणणारा पोरगा अजून जन्माला यायचा होता.

कॉर्कचा चेंडू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. विटी खालून वर येते, हा समोरून येत होता आणि येताना आवाज करत होता. पाय सवयीनं मागं गेला. पुन्हा टाकला, पुन्हा गेला. दोन्ही वेळा मी चेंडू चांगला हाणला होता, पण मास्तरांनी तो कुठं गेला हे पाहिलंच नाही. ते माझ्या पायाकडं पाहत होते. तालमीत पाय मागं घेणं म्हणजे भ्यालेपण. तिथं वाढलेल्या माणसाला पायाचा दुसरा अर्थ ठाऊक असणार कुठून? ते मैदानाशेजारच्या तालमीच्या मागं गेले आणि एक खुंटा आणि दावं घेऊन आले. ओढाळ गाईला बांधतात तसा त्यांनी माझा उजवा पाय घोट्याशी बांधला, दावं आखूड केलं, खुंटा पुढच्या बाजूला ठोकला.

“आता कुटं जातूस बघू,” म्हणाले. “ह्याला लई भ्या वाटतंय. त्ये आपुन काडून टाकू.”

भीती काढून टाकायचा तो उपाय होता. मला खरी भीती ठाऊक झाली ती त्या दिवसापासून. चेंडू येतो आहे आणि आपल्याला जाता येत नाही, हे तेव्हा अंगाला कळलं. पाय अडकला की कंबर फिरत नाही, कंबर फिरली नाही की हात आखडतात. मास्तर जवळून चेंडू टाकायचे आणि मी कसाबसा बॅट मधे धरायचो. ओढ्यापलीकडं जाणारा टोला गेला कुठं, हे मलाही कळेना. मास्तरांना मात्र मी सुधारतोय असं वाटत होतं, कारण पाय जागच्या जागी होता.

एका दुपारी चेंडू खड्यावर पडून उसळला. मी सगळं अंग मागं ओढलं, दावं ताणलं गेलं आणि चेंडू डाव्या डोळ्यावर बसला. मी पडलो तोसुद्धा नीट पडलो नाही, कारण पाय बांधलेला होता.

मास्तरांनी मला तालमीत नेलं, हळद गरम करून डोळ्याभोवती लावली आणि वरून फडकं दाबून धरलं. तालमीत लागलेलं तालमीतच बरं व्हायचं, असा तिथला नेम होता. दवाखान्यात जायचं नाही आणि दुखतंय असं वस्तादाला सांगायचं नाही. सांगणारा पोरगा दुसऱ्या दिवशी आपणहून येणं बंद करायचा, इतकं त्याला लाजवायचे. घरी मी ओट्यावरून पडलो म्हणालो. मामांनी संशयानं पाहिलं, मामींनी आणखी हळद लावली. माझा चेहरा खंडोबाच्या यात्रेतून आल्यासारखा पिवळा झाला होता.

सूज उतरली, पण डोळ्यापुढचं धुकं गेलं नाही. उजवा डोळा हातानं झाकला की शाळेची भिंत विरघळल्यासारखी दिसायची. मी दिवसभर चोरून तो डोळा झाकायचो आणि पाहायचो, आज जरा बरं आहे का. बरं नसायचं. मास्तरांना सांगावं तर भित्रा ठरणार, मामांना सांगावं तर गाव. इकडं आड, तिकडं विहीर. एका डोळ्याच्या मुलाला कचेरीत कोण ठेवतं, असं सारखं मनात यायचं. वर्गात मौलवीसाहेबांनी वाचायला उभं केलं की मी धडा आठवणीनं म्हणायचो. मी फार घाबरलो होतो आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठवड्याभरात मास्तरांनी पुन्हा खुंटा ठोकला. त्यांनी माझा पाय बांधला, समोर जाऊन उभे राहिले, हात वर नेला. डावा डोळा चेंडूच्या बाजूला आणि त्या बाजूला नुसतं धुकं. माझी पाचावर धारण बसली. लाज, मामा, गाव सगळं त्या क्षणी मागं पडलं.

“मास्तर, टाकू नका,” मी म्हणालो. “मला ह्या डोळ्यानं दिसंना झालंय.”

ते जवळ आले. त्यांनी माझा उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरून किती म्हणून विचारलं. मी अंदाजानं तीन म्हणालो. त्यांनी बोटं आणखी जवळ आणून पुन्हा विचारलं, मग पुन्हा, आणि दर वेळी त्यांचा आवाज बारीक होत गेला. एवढा मोठा माणूसही भितो, हे कळल्यावर मला धीर यायला हवा होता. उलट मी रडायला लागलो.

तालमीचा नेम मोडून त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आत रक्त उतरलंय. दोन्ही डोळे बांधून उताणं निजायचं, हलायचं नाही. पुढं काय होईल ते सांगता येत नाही. मग पट्टी बसली आणि सगळं काळं झालं. त्या अंधारात चेंडू सारखा येत राहायचा. खाटेवर माझा पाय कुणी बांधला नव्हता, पण हलू नको म्हटलं होतं, म्हणजे तेच. कधीतरी कडू तेलाचा आणि तालमीच्या मातीचा वास यायचा, तेव्हा मास्तर येऊन बसलेत हे कळायचं. “दिसंल रं,” एवढंच म्हणायचे, आणि मला सांगतायत की स्वतःला, ते समजायचं नाही. मामाही यायचे. गावाचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही, आणि त्यामुळं मी जास्तच भ्यायलो.

पट्टी सुटली तेव्हा आधी उजेड टोचला, मग खिडकीचे गज दिसले. डावा डोळा झाला बरा. कडेला थोडं धुकं राहिलं, ते अजून आहे. मामांनी मारुतीला नारळ फोडला आणि माझी शाळाही वाचली. गोष्ट इथं संपायला हवी होती.

मी पुन्हा मैदानावर गेलो तेव्हा मास्तरांनी माझ्यासमोर खुंटा उपटला आणि लांब बाभळीत फेकून दिला. दावंही फेकलं. आधी चिंध्यांचा चेंडू टाकत राहिले, मग कॉर्कचा, पण अगदी हळू, खालून, लेकराला घास भरवावा तसा. वाटलं तर मागं सर, वाटलं तर पळ, असं दर वेळी सांगायचे. आता त्यांना माझा तो जुना पाय हवा होता. मलाही हवा होता.

मग एक चेंडू त्यांच्या हातून निसटला आणि उंच, सरळ माझ्या तोंडावर आला. तो मला दिसत होता. सरायला वेळ होता. मी डोळे मिटले आणि होतो तिथंच उभा राहिलो. चेंडू कानाला चाटून गेला.

मास्तर धावत आले. त्यांनी मातीत गुडघे टेकले आणि माझा उजवा घोटा दोन्ही हातांत धरून तो मागं सारायला लागले.

“सुटलाय रं त्यो,” ते म्हणाले. “बग की, सुटलाय.”

मला ते माहीत होतं. पाय मात्र हलत नव्हता.