बाकीचे वार

त्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता नीलिमाताईंचा फोन आला नाही आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. पोळ्या व्हायच्या होत्या, कणीक हातालाच चिकटलेली. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी कळलं की डॉक्टर नीलिमाताई नास गावातल्या आपल्या घरी झोपेतच गेल्या... शनिवारी की रविवारी, ते नक्की सांगता येत नाही म्हणे. आठवडाभर रजेवर होत्या, म्हणून दवाखान्यातही कुणी वाट पाहिली नाही. पडदे उघडले नाहीत हे शेजारणीच्या लक्षात आलं, तिनं पोलिसांना बोलावलं. आज दीड महिना झाला, पण ते ‘बरंच वाटलं’ काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाही.

ओळख झाली ती सासूबाईंच्या हातांमुळे. सासूबाई मूळच्या कोल्हापूरकडच्या, आता इकडे परदेशात, ल्यूकन गावी आमच्याजवळ. सकाळी दहापर्यंत त्यांची मूठच वळत नसे. आम्ही आपले इथल्या थंडीवर खापर फोडून मोकळे! वर्षभरानं संधिवाताच्या क्लिनिकमध्ये नंबर लागला, तर समोर चक्क मराठी बाई. ताईंनी रिपोर्ट बाजूला सारले, सासूबाईंचा एकेक सांधा हलकेच दाबून पाहिला आणि विचारलं, “काकू, वेणी कोण घालतं तुमची?” सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा महिने त्या केस नुसते गुंडाळत होत्या आणि एका घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता. रक्ताच्या तपासण्या झाल्या, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी ठरली. विसरायला नको म्हणून ताई म्हणाल्या, “सोमवार करता ना काकू? मग सोपं आहे. उपासाच्या दिवशी गोळी.”

आणि आलं की नवरात्र! पाचव्या माळेला ताई कुंकवाला आल्या. सासूबाईंना भगरसुद्धा गिळवेना, तोंडभर फोड. ताईंनी हातातली ताटली खाली ठेवली. “काकू, गोळी कधी घेतलीत?”

“रोजच घेतीया की. उपास न्हाई व्हय रोजचा?”

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. ती गोळी रोज पोटात गेली तर माणूस जातं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. गाडीही त्यांनीच काढली होती. बारा दिवस सासूबाई हॉस्पिटलात होत्या आणि ड्यूटी संपली की ताई त्यांच्या उशाशी. मी रडत म्हटलं, लक्ष ठेवायचं काम माझं होतं. “नाही गं,” त्या म्हणाल्या, “सोमवार म्हणायचं सोडून मी उपास म्हणाले. चूक माझी.”

तेव्हापासून तीन वर्षं दर सोमवारी फोन. “घेतली?” “घेतली, ताई.” मग त्या जरा थांबायच्या... “आणखी काय म्हणतेस?” मी तव्यावरची पोळी उलटत इथल्या लोकांसारखं म्हणायची, “सगळं ग्रँड. ठेवू का ताई?” मेलं, काय जळणार होतं त्या पोळीचं!

पुण्याहून त्यांचे भाऊ आले, घर आवरायला मी गेले. स्वयंपाकघरात भिंतीवर मराठी दिनदर्शिका होती. दर सोमवारी बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘काकू, ७ वाजता.’ थेट डिसेंबरपर्यंत. बाकीचे वार कोरे. कुणाचं नाव नाही, कुठे जाणं-येणं नाही. भावांना विचारून मी ती घरी आणली.

सासूबाईंनी एकेक पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, “बाकीच्या वारी कुणासंगं बोलत व्हती गं ती?”

“माहीत नाही, आई.”

“कवा इचारलं न्हाईस?”

“नाही विचारलं.”