चारशेवर राहिलेली चकती

"डब्बा वाचलास का बे?"

कॅमेऱ्यात फिल्म भरताना तुम्ही त्यांच्या नजरेस पडलात, की हा प्रश्न आलाच म्हणून समजा. सौंदडच्या स्टेशनजवळ त्यांचा स्टुडिओ होता. सारा गाव त्यांना फोटोवाले भाऊ म्हणे. मी त्यांच्याकडे कामाला होतो, बी.एस्सी. झालेलो, म्हणून जरा जास्तच शहाणा.

फिल्मच्या डब्यावर आकडा असतो. तोच कॅमेऱ्याच्या चकतीवर लावायचा, तेव्हा कुठे मीटर उजेडाचा खरा अंदाज देतं. भाऊ समजावत, "शंभरची फिल्म खादाड, तिले पोटभर उजेड पाहिजे. चारशेची थोडक्यात भागवते. आत कोन बसली, कॅमेऱ्याले का ठाऊक?"

नवेगाव बांधला एका बौद्ध घरात लग्न होतं. भाऊंना ताप, म्हणून मी एकटाच निघालो. तरी त्यांनी विचारलंच. मी वैतागून म्हणालो, "भाऊ, रोज रोज काऊन विचारून राहिले?" ते नुसते हसले.

नवरीचे वडील फार आजारी होते. बुद्धवंदनेच्या वेळी त्यांना दोन माणसांनी धरून आणलं. पांढरा सदरा घालून ते लेकीशेजारी खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. त्यांचे फोटो मी मन लावून काढले. चकती मात्र आदल्या कार्यक्रमापासून चारशेवरच होती, आणि आत शंभरची फिल्म.

पंधरा दिवसांत ते गेले. फोटो धुऊन आले, तर सगळेच काळवंडलेले. सदरा तेवढा कळत होता.

भाऊ मला घेऊन नवरीच्या माहेरी गेले. नवरीच्या आईने फोटो दाराच्या उजेडात धरला. "आमच्या यायचं तोंड कुठं हाय जी?"

"चूक माही हाय, बाई. फिल्म मीच भरून दिली, आकडा पाहिलो नाही," भाऊ म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. परतताना काही बोलू लागलो, तर म्हणाले, "राहू दे. तुले इथंच धंदा करायचा हाय."

केलाही. पुढे बरीच वर्षं केला. सौंदडहून नवेगाव बांध काही लांब नाही, पण त्या माउलीच्या दारात जाऊन खरं सांगायचं धाडस मला कधी झालं नाही. याची लाज वाटते.

भाऊ गेले. तेरवीच्या पंगतीत नवेगाव बांधचाच एकजण शेजारी बसला होता. म्हणाला, "मानूस भला होता, पन आमच्याकडच्या लग्नाचे फोटो बिघडवले."

मी पत्रावळीवरचा भात कालवत म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं."