खिडकीपुरती होडी

बॅटरी विकणाऱ्याने गोड बोलावं, असं माझी बायको नीला मला तीस वर्षं सांगतेय. मला नाही जमत. भिवंडीत माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, गल्लीत सगळे मला भाऊ म्हणतात, आणि चुकीची वस्तू मागणाऱ्याला मी तोंडावर सुनावतो. महमूदभाईंनाही सुनावलं. सुनावलं ते बरोबरच होतं, पुढचं जे केलं ते सांगायला हवं.

महमूदभाई समोरच्या माडीवर राहतात. खाली भाच्याचा, राहिलचा, लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, वर हे नवराबायको. चाळीस वर्षं ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारा कारागीर. मोटरवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हिचं बेअरिंग गेलंय, उद्यापर्यंत जळेल." जळायचीच. मीटर घेऊन येणाऱ्या वायरमनची ते भरपूर खेचायचे. हाताला कळतं ते काट्याला कळत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

दोन वर्षांपूर्वी सालेहाभाभी न्हाणीत घसरल्या, मणका दुखावला आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्यांची खाट खिडकीला लावलेली. त्यांचं माहेर खाडीकाठचं. ओटीवर बसून होड्या बघत वाढलेली बाई आता दिवसभर माझ्या दुकानाचे पत्रे बघायची. पत्र्यांच्या वरून पलीकडच्या तळ्याचा फक्त लांबचा अर्धा भाग दिसायचा. यंदा त्यांनी जेवणही सोडल्यासारखं केलं. दोन घास खायच्या आणि ताट सारायच्या. महमूदभाईंनी मग प्लायवूडची दीड हात होडी केली, रिमोटवर चालणारी. ती तळ्याच्या लांबच्या काठापर्यंत गेली पाहिजे, तरच भाभीला दिसणार.

घोडं अडलं बॅटरीवर. आधी त्यांनी शिशाची लहान बॅटरी घातली, तर वजनाने होडी तिच्या कडांपर्यंत पाण्यात बसली. मग माझ्याकडून निकेलच्या सेलचा जोड नेला. तो बिनधोक, पण अर्ध्या वाटेत दम टाकायचा. होडी तिथेच अडायची आणि हे म्हातारे गुडघाभर पाण्यात उतरून तिला काठीने ओढायचे. भाभीला काहीच दिसायचं नाही.

"भाऊ, ती चपटी दे. लिथियमची," ते एक दिवस येऊन म्हणाले.

मी त्यांना बसवून समजावलं. "महमूदभाई, लिथियममध्येही जाती आहेत. ती चपटी, पुडीसारखी असते ना, तिच्यात ताकद दांडगी, पण तिला राग लवकर येतो. जास्त भरली, आपटली, आत पाणी गेलं, की पेटते. दुसरी फॉस्फेटची. थोडी जड, पण थंड डोक्याची. होडीला तीच लावा. तिच्या मापाचा चार्जर आणि पाणी न शिरणारा डबा मी देतो. मागवायला दहा दिवस लागतील."

"दहा दिवस? तिने पंधरा दिवस धड खाल्लेलं नाहीये, भाऊ."

"मग अकराव्या दिवशी खातील," मी म्हणालो. हे असं बोलायची काही गरज होती का? पण बोललो.

चौथ्या दिवशी ते हसत आले. दापोड्याला गोदामांतून परत आलेला माल भंगारात निघतो, तिथून तीन चपटे सेल आणून त्यांनी चिकटपट्टीने एकत्र बांधले होते. चार्जर कोणता, तर शिशाच्या बॅटरीचा, पूर्वी मीच विकलेला. मधला सेल तळलेल्या पापडासारखा फुगलेला मला लांबूनच दिसला.

"हात लावून बघितलाय. थंडगार आहे," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. तीन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर मी तोंड सोडलं. "तुमच्या हाताला लूम कळतो, ही कळत नाही. तीन सेल साडेबारा व्होल्टच्या आसपास थांबायला हवेत, हा चार्जर चौदा व्होल्टच्या पुढे जातो. हाताला चटका लागेल तेव्हा वेळ गेलेली असेल. घर जाळाल. वय झालं तुमचं, आता खेळणी पुरे करा."

शेवटचं वाक्य लागलं त्यांना. चेहरा उतरला. सेल पिशवीत घालून ते पायरीवर थांबले आणि हळूच म्हणाले, "भरताना कुणी शेजारी बसलं तर?"

"बसवा ज्याला बसवायचं त्याला. मला काय विचारता?"

त्यानंतर त्यांनी दुकानाकडे बघणं सोडलं. दोन संध्याकाळी मात्र होडी तळ्याच्या लांबच्या काठाला फिरताना दिसली. वर खिडकीत भाभी कोपरावर रेलून बघत होत्या. राहिल सांगून गेला, मामीने काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला बरं वाटलं, पण आत कुठली बॅटरी आहे हे मला माहीत होतं. गल्ली ओलांडायला दहा पावलं लागतात. मी ओलांडली नाही. त्यांनी आधी यावं, असं मनात धरून बसलो.

शुक्रवारी लूम बंद असतात. इतर दिवशी आमच्या गल्लीत शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, शुक्रवारी चमचा पडला तरी ऐकू येतो. दुपारी पुरुष माणसं नमाजला गेली होती. फॉस्फेटची बॅटरी सकाळीच आली होती, दहा दिवस पुरे व्हायच्या आत, आणि खोक्यासकट माझ्या टेबलावर होती. मी चहा पीत होतो.

"भाऊ..." वरून भाभीची हाक आली.

मला वाटलं, महमूदभाईंनी बायकोला मध्ये घातलंय. स्वतः येववत नाही का? मी उठलो नाही.

"भाऊ, जरा वर या हो."

आवाज घाईचा होता. ते मला कळलं. खोटं कशाला बोलू, कळलं होतं. तरी मी कपातला चहा संपवला.

तिसरी हाक अर्धीच आली. मग कुकरची शिट्टी अडकावी तसा फुसकारा झाला आणि खिडकीतून पांढरा धूर निघाला. मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. गादी पेटली होती, धुराने घसा सोलून निघत होता. भाभींना काखेत धरून ओढत मी बाहेर आणलं. भाजलं फारसं नव्हतं. पण धूर छातीत गेला होता. रविवारी पहाटे हॉस्पिटलमध्ये त्यांनी प्राण सोडला.

दफन झाल्यावर महमूदभाईंनी मला सगळं सांगितलं. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. कुणीतरी शेजारी हवं, म्हणून बॅटरी भाभीच्या उशाशी खिडकीत ठेवली. मधूनमधून हात लावायचा, ऊन लागली की हाक मारायची. चार्जरची पिन पलीकडच्या भिंतीला, तिथे भाभीचा हात पोचत नव्हता. वार मुद्दाम शुक्रवार धरला, कारण लूम बंद, हाक खाली ऐकू जाईल. "आम्ही सगळे नमाजला, पण तुझं दुकान उघडं असतं ना," ते म्हणाले. "मी तिला सांगितलं होतं, भाऊ शिव्या घालेल, पण येईल."

आता ते रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतात. सगळ्या गल्लीला सांगतात, भाऊ आगीत शिरला. मी मान वर करत नाही. नीलालाही मी काही बोललेलो नाही. मध्येच कधीतरी ते विचारतात, "भाऊ, किती हाका मारल्या रे तिने?"

"एकच," मी सांगतो. "एक ऐकली आणि मी धावलो."

"मग फार वेळ घाबरली नसेल."

"नाही, महमूदभाई," मी म्हणतो. ते मान हलवतात आणि चहा घेतात.